लॅटिन चौरसासाठी 'अ‍ॅग्रिकोले' पॅकेज : ऊस आणि गुळाच्या प्रयोगांना कितपत पुरतं?

'आर' या संख्याशास्त्रीय संगणक-प्रणालीत चालणारं अ‍ॅग्रिकोले हे पेरूमधल्या ला मोलिना कृषी विद्यापीठाच्या फेलिपे दे मेंदिबुरु यांचं मोफत पॅकेज. त्यातली 'डिझाइन डॉट एलएसडी' (लॅटिन चौरस, म्हणजे प्रत्येक ट्रीटमेंट किंवा तपासायचा प्रकार प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात एकदाच येणारी मांडणी) आणि 'डिझाइन डॉट ग्रेको' (ग्रीक-लॅटिन चौरस, म्हणजे असे दोन चौरस एकमेकांवर चढवून प्रत्येक जोडी एकदाच येईल अशी मांडणी) ही दोन फंक्शन कोल्हापूरच्या कृषी पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी जरूर वापरावीत, पण आत काय चालतं ते समजून घेऊनच.

आधी शेत. पंचगंगेकाठच्या रानात एका दिशेनं नदीकडचा उतार आणि दुसऱ्या दिशेनं पाटापासूनचं अंतर, असा दुहेरी फरक असेल तरच लॅटिन चौरस मांडण्यात अर्थ आहे. पाच ट्रीटमेंट म्हणजे 25 प्लॉट. 1.2 मीटरच्या पाच सऱ्या आणि 6 मीटर लांबी धरली तर एक प्लॉट 36 चौरस मीटर, एकूण 900, म्हणजे बांध-पाट वगळून जवळपास 9 गुंठे. आठ ट्रीटमेंटला 64 प्लॉट, जवळपास 23 गुंठे. खाली मात्र चारच्या आत जाऊ नये, कारण एरर डीएफ (प्रयोगातली चूक मोजायला उरणारे 'डिग्रीज ऑफ फ्रीडम') 3×3 ला फक्त 2 उरतो. 4×4 ला 6, 5×5 ला 12. सरीतून खताचं पाणी शेजारच्या प्लॉटमध्ये उतरतं, त्याचा विचार हे फंक्शन करत नाही. मध्ये मोकळ्या सऱ्या आपणच सोडायच्या.

फंक्शनला ट्रीटमेंटची यादी दिली की फील्डबुक (प्लॉटवार नोंदींचा तक्ता) आणि प्लॉटचा आराखडा मिळतो. 'सेरी' ही क्रमांकांची सेटिंग 2 ठेवली की प्लॉटना 101 पासून क्रमांक पडतात. 'सीड' (यादृच्छिक सरमिसळ ज्यापासून सुरू होते तो आकडा) दिला नाही तर पॅकेज स्वतः एक घेतं आणि पॅरामीटर्समध्ये नोंदवतं. तो आकडा प्रबंधात लिहून ठेवा. तो असला तरच कुणालाही तोच आराखडा पुन्हा काढून तपासता येतो.

आता पॅकेजची खरी मर्यादा. ते दर वेळी चक्राकार चौरसच (प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर सरकलेली) घेतं आणि त्याच्या ओळी नि स्तंभ उलटसुलट करतं. 4×4 चे एकूण 576 लॅटिन चौरस आहेत. त्यातले 432 चक्राकार कुळातले. उरलेले 144 इथे कधीच निघत नाहीत. त्यानं एफ-चाचणी (ट्रीटमेंटमधला फरक खरा की योगायोगाचा हे पाहणारी) बिघडत नाही, ओळी-स्तंभांची सरमिसळ तिला पुरेशी आहे. अडचण येते ती पुढं. सम संख्येच्या चक्राकार चौरसाला जोडीदार, म्हणजे ऑर्थोगोनल चौरस (वर चढवला की प्रत्येक जोडी एकदाच येईल असा), नसतोच. त्यामुळे 4×4 किंवा 8×8 आराखडा एलएसडीमधून काढून नंतर 'आणखी एक ब्लॉक (ओळ-स्तंभांसारखा फरकाचा तिसरा स्रोत) चढवू' म्हटलं तर ते गणितानंच अशक्य आहे. विषम संख्येला चालतं.

गुऱ्हाळात ही गरज हमखास पडते. चार काहिली, चार दिवस आणि मळी काढायचे चार प्रकार घेतले की 16 आधणं झाली. पण गुळव्याच्या हाताचाही फरक पडतोच, म्हणून गुळवे हा तिसरा ब्लॉक. इथे पहिल्यापासून ग्रेको वापरावं, तेही 5×5. 4×4 मध्ये एरर डीएफ 3 च उरतो, 5×5 मध्ये 8. उसाचं वाण आणि पालाशची मात्रा असे दोन घटक मात्र यात कोंबू नयेत. त्यांचा परस्परपरिणाम या मांडणीत मोजताच येत नाही, आणि उसात तोच पाहायचा असतो.

ग्रेको विषम संख्या आणि 4, 8, 10, 12 एवढंच स्वीकारतं. 6 आणि 14 दोन्हींना नकार मिळतो, पण कारणं अगदी वेगळी. 6 चा ग्रीक-लॅटिन चौरस नाहीच, हे फ्रेंच गणिती गास्तों तारी यांनी 1900 च्या सुमारास सगळ्या शक्यता तपासून दाखवलं. 10, 14, 18 चेही नसणार, हा अठराव्या शतकातल्या गणिती ऑयलरचा अंदाज मात्र जवळपास पावणेदोनशे वर्षं टिकून 1959 मध्ये कोसळला. राज चंद्र बोस आणि शरदचंद्र श्रीखंडे यांनी 22 चा चौरस रचला, पार्कर यांनी 10 चा, आणि तिघांनी मिळून 2 व 6 वगळता 2, 6, 10, 14, 18... या मालिकेतल्या प्रत्येक संख्येला तो असतो हे सिद्ध केलं. नागपूर आणि मुंबईत शिकवलेल्या श्रीखंड्यांचं हे काम आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असायलाच हवं. यादीत 10 दिसतो तो त्या निकालामुळे. 14 चा नकार ही फक्त पॅकेजची उणीव, आणि मदतपानात तसं स्पष्ट लिहायला हवं होतं.

विश्लेषणात सर्वाधिक घोळ फाइलमुळे होतो. फील्डबुक सीएसव्हीत साठवून परत वाचलं की ओळ आणि स्तंभ हे साधे आकडे बनतात. मग 5×5 लॅटिन चौरसात त्यांना 4-4 ऐवजी 1-1 डीएफ मिळतो आणि एरर 12 ऐवजी 18 दाखवतो. तक्त्यात 18 दिसला की थांबा आणि दोन्हींना फॅक्टर (आकडे नव्हे, गटांची नावं) करा. एखादं आधण करपलं तर ग्रीक-लॅटिन 5×5 चा एरर डीएफ 8 वरून 7 वर येतो. अशा वेळी मॉडेलमध्ये ट्रीटमेंट सर्वांत शेवटी लिहावी. आधी लिहिली तर दिवस, काहील आणि गुळव्याच्या फरकाचा काही भाग तिच्याच खात्यात जमा होतो.