भुरीच्या केमोत सगळ्यात कामाला आलेली वस्तू: मेडिकलातला साधा डिजिटल थर्मामीटर

रिव्ह्यू थर्मामीटरचा आहे, पण भुरीचं सांगितल्याशिवाय तो का लागतो ते कळणार नाही.

भुरी आमची कुत्री, नऊ वर्षांची, रंकाळ्याच्या कट्ट्याजवळ पावसात भिजत सापडलेली, आईची लई लाडकी. एप्रिलमध्ये तिला खाजवताना जबड्याखाली दोन्ही बाजूला लिंबाएवढ्या गाठी हाताला लागल्या, मला वाटलं दाढ सुजली असेल, पण मागच्या पायांना गुडघ्यामागं पण तसल्याच लागल्या तेव्हा पोटात गोळाच आला. डॉक्टरांनी गाठीत सुई घालून सॅम्पल पाठवलं, रिपोर्ट लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर. त्यांनी सरळ सांगितलं, काहीच केलं नाही तर महिना-दीड महिना, पूर्ण केमो केली तर बऱ्याच कुत्र्यांना वर्षभर तरी चांगलं मिळतं, पण आजार मुळासकट जाईल असं धरून चालू नका. आई म्हणाली, वर्ष तर वर्ष, करायचं.

केमो म्हटलं की लोक भिववतात, केस जातील, हाल होतील. भुरीच्या मिशा तेवढ्या गळाल्या, बाकी अंगावरचे केस तसेच आहेत. खरी भीती पांढऱ्या पेशींची. डोसनंतर साधारण आठवड्याभरानं त्या खाली जातात, तेव्हा इन्फेक्शन झालं तर जिवावर बेततं, आणि बऱ्याचदा पहिली खूण असते ताप. म्हणून पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषधांच्याही वर लिहिलं, थर्मामीटर.

घरात कोरोनातला गन थर्मामीटर होता, तो लावून बघितला. कपाळावर ९६, कानाजवळ ९८, परत कपाळावर ९५. केसांवरनं खरा आकडा येतच नाही, कुत्र्यासाठी त्यावर पैसे घालू नका. आणि नाक गार म्हणजे कुत्रं बरं, हे तर अजिबात धरू नका, भुरीला ताप चढला त्या रात्री पण तिचं नाक गारच होतं.

मग राजारामपुरीत मेडिकलातनं हा घेतला, दोनशेच्या आत बसला. टोक रबरासारखं वाकणारं आहे, तेच बघून घ्या, कारण ताप मागनं मोजायचा असतो आणि कुत्रं मधेच बसलं तर कडक टोक लागतं. टोकाला थोडं व्हॅसलीन, आई तोंडाशी बसून गळा खाजवणार, मी शेपूट हळू वर धरून साधारण इंचभर आत, तीस-चाळीस सेकंदांत आकडा. पहिले दोन दिवस ती गोल गोल फिरली, आता थर्मामीटरची डबी वाजली की आपणहून येऊन उभी राहते कारण नंतर उकडलेल्या अंड्याचा तुकडा मिळतो. सकाळ-संध्याकाळ कॅलेंडरवर लिहितो. कुत्र्याचं नॉर्मल १०१ ते १०२.५, आपल्यापेक्षा जास्तच असतं, तेव्हा १०१ बघून घाबरू नका. १०३ च्या वर गेलं तर डॉक्टरांना फोन, रात्र असली तरी.

चौथा डोस लाल औषधाचा होता. त्यानंतर आठव्या दिवशी रात्री अकराला भुरी जेवली नाही, एवढंच. शेपूट हलवत होती. मोजलं तर ३९.८. मला काही सुधरेना, मग कळलं गडबडीत बटण जास्त वेळ दाबलं गेलं आणि ते सेल्सिअसवर गेलं. परत फॅरेनहाइटवर आणलं, १०३.६. डॉक्टरांनी फोन उचलला, रात्रीच बोलावलं, रक्त तपासलं तर पेशी एकदम खाली, लगेच सलाईन आणि अँटिबायोटिक. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी १०१.८. पुढचा डोस आठवडाभर पुढं ढकलला. सकाळपर्यंत वाट बघितली असती तर काय झालं असतं त्याचा मला विचारही करायचा नाही.

एक कळकळीनं सांगतो, ताप दिसला म्हणून घरातली क्रोसिन किंवा ब्रुफेन कुत्र्याला देऊ नका. केमोबरोबर स्टेरॉईड चालू असतं, त्यात ब्रुफेन गेली तर पोटात अल्सर होऊन रक्त पडू शकतं. आमच्या ओळखीतल्या एकानं अर्धी गोळी द्यायला सांगितली होती, बरं झालं ऐकलं नाही.

खाण्याचं म्हणाल तर ती आजारी पडल्यापासनं रविवारी मटणाचं अळणी आई तिच्यासाठी आधी वेगळं काढते, कांदा-लसूण-मीठ काही न घालता (कांदा कुत्र्यांना बाधतो), गार करून वर आलेली चरबी काढून, भातावर. सगळं नीट शिजवलेलंच, कच्चं काही नाही. डोसनंतर दोन-तीन दिवस शी-शू साफ करताना ग्लोव्हज घाला, त्यातनं औषध बाहेर पडतं.

थर्मामीटरला ५ पैकी ४ स्टार. एक कापला तो बीपसाठी, फार कर्कश आहे आणि बंद करता येत नाही, भुरी सुरुवातीला दचकायची. स्क्रीनला लाईट नाही, रात्री मोबाईलचा टॉर्च धरावा लागतो. आणि तो फक्त तिच्यासाठीच ठेवा, वर नाव लिहून, दर वेळी स्पिरिटनं पुसून.

आज संध्याकाळी १०१.४. आकडा फिकट दिसायला लागला म्हणून सेल बदलला, जुना सेल तिच्या तोंडाला लागू नये म्हणून लगेच बाहेर टाकून आलो. परवा सहावा डोस आहे.