औंधचे श्री भवानी वस्तुसंग्रहालय : निवांत पाहणाऱ्यांची जागा

सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातले औंध (पुण्याचे औंध नव्हे, हा खुलासा बसस्थानकावर चौकशी करतानाही करावा लागतो) हे पंतप्रतिनिधींच्या संस्थानाचे गाव. तिथल्या यमाईच्या डोंगरावरचे श्री भवानी वस्तुसंग्रहालय ही, निवृत्तीनंतर चारचौघा मित्रमैत्रिणींनी मिळून जाण्यासारख्या महाराष्ट्रातल्या उत्तम जागांपैकी एक आहे, असे मी पूर्ण विचारांती लिहीत आहे. या वयात एखादे ठिकाण आवडते की नाही, हे तिथे काय मांडले आहे यापेक्षा तिथे आपल्याला किती वेळ रेंगाळू देतात यावर जास्त अवलंबून असते. ‘ज्येष्ठांसाठी खास’ म्हणून जाहिरात केलेल्या एका सहलीत आम्हाला एका मोठ्या संग्रहालयासाठी जेमतेम पाऊण तास मिळाला होता आणि त्यातलाही निम्मा वेळ स्वच्छतागृहाच्या रांगेत गेला. त्या कंपनीचे नाव घेण्यात अर्थ नाही, कारण बहुतेक सहलींचे वेळापत्रक असेच आखलेले असते. तेव्हापासून आमचा गट आपला आपण, एसटीने फिरतो.

गट लहानच आहे. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, ज्यांना आम्ही सगळेच मास्तर म्हणतो, बँकेतून निवृत्त झालेली माझी मैत्रीण, मी, आणि आमच्यात सर्वांत वडील असलेले नाना. एसटीच्या सवलतींनी आमच्यात मोठी गमतीदार विषमता निर्माण केली आहे. 75 वर्षांवरील नागरिकांना ऑगस्ट 2022 पासून राज्याच्या हद्दीत प्रवास मोफत आहे, 65 ते 75 या वयोगटाला अर्धे तिकीट लागते आणि मार्च 2023 पासून महिलांनाही तिकिटात निम्मी सवलत आहे. परिणामी नानांच्या हातात शून्य रकमेचे तिकीट येते, आम्हा दोघींचे अर्धे निघते आणि पासष्टी न गाठलेल्या मास्तरांना तेवढे पूर्ण पैसे मोजावे लागतात, ज्याबद्दल ते दर प्रवासात न चुकता कुरकुरतात. एक सूचना मात्र अनुभवाची आहे : आधार कार्ड वरच्या खिशात ठेवावे. कंडक्टर नेमका गाडी वळणावर असताना समोर येऊन उभा राहतो आणि तेव्हा सामानाच्या पिशवीत हात घालणे या वयात शहाणपणाचे नाही.

साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे औंधला जाता येते. गावातून संग्रहालयापर्यंत चढ आहे आणि तो पायी चढण्याचा आग्रह कोणीही धरू नये. सूर्यनमस्काराचा ध्यास घेऊन त्याचा देशोदेशी प्रसार करणाऱ्या राजाचे हे गाव असले तरी आमच्या गुडघ्यांना त्याचे सोयरसुतक नव्हते. आम्ही सरळ रिक्षा केली.

तो राजा म्हणजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. 1909 मध्ये ते गादीवर आले. ते स्वतः चित्रकार होते, रामायणातील प्रसंगांवर त्यांनी चित्रमालिका काढली, ते कीर्तन करत आणि जमवलेल्या कलावस्तूंसाठी त्यांनी 1938 मध्ये हे संग्रहालय उभारले. त्याच्या पुढच्याच वर्षी, जानेवारी 1939 मध्ये, त्यांनी संस्थानाचा कारभार नव्या राज्यघटनेद्वारे प्रजेच्या हाती सोपवला. हे दोन निर्णय इतके लागोपाठ झाले आहेत की मला ते एकाच वृत्तीतून आलेले वाटतात. मास्तरांना हे अजिबात पटत नाही. त्यांच्या मते चित्रे जमवणाऱ्या माणसाला राज्य सोडता येईल, पण चित्रे सोडता येणार नाहीत. परतीच्या गाडीत हा वाद रहिमतपूर मागे पडेपर्यंत चालला.

एका माणसाच्या आवडीतून जमलेला संग्रह असल्यामुळे इथे सरकारी दालनांसारखा शिस्तबद्ध क्रम मनात ठेवून फिरू नये. राजा रविवर्म्यांची सैरंध्री, दमयंती आणि मलबारी सुंदरी इथे आहेत, चित्रकार धुरंधरांची शिवचरित्रावरची चित्रे आहेत, पहाडी शैलीतली लघुचित्रे आहेत, हस्तिदंताचे कोरीवकाम आहे आणि या सगळ्यांच्या संगतीत इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचे ‘माता आणि बालक’ हे शिल्पही आहे. खटाव तालुक्याच्या माळरानात हेन्री मूर भेटावा, याचे आश्चर्य दुसऱ्यांदा जाणाऱ्यालाही वाटावे.

आमचा सर्वाधिक वेळ सैरंध्रीपुढे गेला. विराटाच्या राजवाड्यात दासी म्हणून राहणाऱ्या द्रौपदीला राणी सुदेष्णा मद्य आणण्याच्या निमित्ताने कीचकाकडे पाठवते, ही कथा आमच्या पिढीला पाठ असते, त्यामुळे चित्र पाहताना काय घडते आहे हे शोधावे लागत नाही आणि नजर थेट माणसाकडे जाते. नानांना तिथे भीती दिसली, मैत्रिणीला संताप. बँकेत आयुष्यभर वरिष्ठांच्या ‘जरा जाऊन ये’ला तोंड दिलेल्या तिने सुदेष्णेवर जे भाष्य केले, ते कोणत्याही कलासमीक्षकाने करावे असे होते, ते इथे लिहिण्यासारखे मात्र नाही. मास्तर अर्थातच कथेकडे न वळता साडीच्या चुण्यांवर प्रकाश कसा टाकला आहे ते दाखवत राहिले. चाळीस वर्षे शाळेच्या फळ्यावर सफरचंद आणि घडा काढून दाखवणारा हा माणूस मूळ तैलचित्रापुढे किती वेगळा बोलतो, हे त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी एकदा ऐकायला हवे.

दुहेरी भिंगाचा चष्मा वापरणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक गोष्ट. चित्र दुरून वरच्या भिंगातून पाहायचे आणि माहितीची पाटी जवळ जाऊन, हनुवटी उंचावून, खालच्या भिंगातून वाचायची, या ये-जा करण्याने तासाभरात मान भरून येते. आम्ही तोडगा काढला तो असा, की एकाने पाटी मोठ्याने वाचायची आणि बाकीच्यांनी चित्राकडेच पाहात राहायचे. लघुचित्रांसाठी घरून एक हातभिंग न्यावे. नानांकडचे भिंग आळीपाळीने फिरले आणि त्यातून केसाइतक्या बारीक कुंचल्याने काढलेल्या भुवया दिसल्या, तेव्हा नेहमी घाईत असणारी मैत्रीणसुद्धा तिथून हलेना.

कोणी जाऊ नये, हेही सांगितले पाहिजे. एका फेरीत ‘सगळे पाहून झाले’ असे समाधान ज्यांना लागते, त्यांना इथे दमछाक होईल, कारण वस्तू हजारोंनी आहेत. आधी दोन-तीन दालने ठरवून, मध्ये बाहेर येऊन चहापाणी करून पुन्हा आत जाणे बरे. डोंगरमाथ्यावरच्या यमाईचे दर्शन त्याच दिवशी घेण्याचा मोह टाळावा; गावातल्या देवळासमोरची उंच दीपमाळ पाहून यावी, तिला पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. जेवणाचा डबा सोबत असावा. वाटेतल्या एका खानावळीत आम्ही ‘कमी तिखट’ म्हणून मागवलेला रस्सा आला, तेव्हा नानांनी ताटातल्या भाकरीवर दह्याचीच वाटी रिकामी केली. संग्रहालयाचा साप्ताहिक सुट्टीचा दिवस निघण्यापूर्वी विचारून घ्यावा.

गाण्याची आवड असेल, तर अश्विन वद्य पंचमीच्या सुमारास जावे. पं. अंतूबुवा जोशी यांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ 1940 मध्ये सुरू केलेला संगीत महोत्सव त्या दिवशी औंधला होतो. पुढे त्यांचे चिरंजीव गजाननबुवा जोशी यांनी तो चालवला. चित्रे आदल्या दिवशी पाहावीत आणि पंचमीचा दिवस पूर्ण गाण्यासाठी ठेवावा. दोन्ही एका दिवसात बसवायला गेले, की पुन्हा त्या पाऊण तासाच्या सहलीसारखेच होते. मुक्कामाची व्यवस्था मात्र बरीच आधी, शक्यतो साताऱ्यात करावी, आणि मैफलीला पाठीशी टेकायला एक उशी न्यावी.