बजेट गेमिंग पीसी: स्वतः जोडलेला आणि रेडीमेड, दोन्ही शेजारीशेजारी वापरल्यावर

घरात सध्या दोन गेमिंग पीसी आहेत, एक मी सुटे पार्ट घेऊन जोडलेला आणि दुसरा धाकट्या भावाने रेडीमेड आणलेला. बजेट साधारण सारखंच होतं, ग्राफिक्स कार्ड पण दोघांचं तेच, आरएक्स ६६००, ८ जीबीवालं, आणि दोघं १०८०पी (फुल एचडी) वरच खेळतो. बरेच महिने झाले आता. कोणता फास्ट हे विचाराल तर फरक आहे पण लोक सांगतात तेवढा नाही, खरा फरक वेगळ्याच ठिकाणी आहे, रेडीमेडवाले स्टिकरवर जे छापतात ते ठीकच असतं, काटकसर असते ती न छापलेल्या पार्टमध्ये.

रॅमचंच बघा. भावाच्या पीसीवर १६ जीबी लिहिलेलं आणि ते खोटं नव्हतं, पण साइड पॅनल काढलं तर आत १६ ची एकच स्टिक, म्हणजे सिंगल चॅनल, प्रोसेसर आणि रॅममध्ये डेटाला ये-जा करायला दोनऐवजी एकच वाट. माझ्याकडे ८ च्या दोन, दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. सिंगल प्लेयर गेममध्ये सगळा लोड कार्डवर असतो तिथे फारसं कळत नाही, पण सीएस २ (काउंटर-स्ट्राइक २) मध्ये स्मोक पडला आणि तीनचार जण एकदम समोर आले की त्याचा अडखळायचा, कोपऱ्यातला एफपीएसचा (सेकंदाला किती फ्रेम) आकडा शंभराच्या वर दिसतोय आणि तरी माउस जड झाल्यासारखा. तशीच दुसरी स्टिक टाकली आणि ते अडखळणं जवळपास गेलं. रॅमचा स्पीड मात्र तसाच राहिला, स्टिकवर ३२०० लिहिलंय पण त्याच्या बायोसमध्ये, म्हणजे बोर्डच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपीचा (रॅम छापलेल्या स्पीडला चालवायचा) पर्यायच दिलेला नाही, त्यामुळे २६६६ वर चालते आणि चालत राहणार.

प्रोसेसरमध्ये पण गंमत आहे. माझा रायझन ५ ५६००, त्याचा ५६००जी. एक अक्षर जास्त म्हणजे वरचं मॉडेल असं वाटतं ना, पण जी मध्ये चिपवरच ग्राफिक्स बसवलेत आणि एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली छोटी फास्ट मेमरी, अर्धी, माझ्यात ३२ एमबी तर त्याच्यात १६, वर पीसीआयई, म्हणजे कार्ड आणि एसएसडी जोडायची वाट, ४ ऐवजी जुनी ३. वेगळं कार्ड लावणारच असाल तर साधा ५६०० च बरा. अर्थात कार्ड बिघडलं तर त्याला मदरबोर्डच्या एचडीएमआयवरून निदान डिस्प्ले तरी येईल, माझ्याकडे काळा स्क्रीन.

जोडायला लोक उगाच घाबरतात. प्रोसेसर आणि रॅम बसवणं सगळ्यात सोपं, वेळ खातात त्या फ्रंट पॅनलच्या बारीक पिना, पॉवर स्विच, रिसेट, एलईडी, सगळ्या एकाच कोपऱ्यात चिकटलेल्या, आणि मॅन्युअलमधलं चित्र नखाएवढं. स्विचच्या वायरीला प्लस मायनस नसतं, कशीही लावा, एलईडीला असतं, उलटं लावलं तर फक्त दिवा लागत नाही, जळत काही नाही. प्रोसेसरची ८ पिनची पॉवर केबल मात्र बोर्ड कसायच्या आधी वरच्या भोकातून ओढून ठेवा, नंतर तिथे बोट जात नाही. आणि बोर्ड घेताना बायोस फ्लॅशबॅकचं बटण आहे का बघाच, जुना स्टॉक असला की बायोस नवीन प्रोसेसर ओळखत नाही, मग पेन ड्राइव्हवरून प्रोसेसर न लावताच अपडेट मारता येतो. सगळं झाल्यावर बायोसमध्ये एक्सएमपी ऑन करायचं आणि विंडोजमध्ये जाऊन मॉनिटर १४४ हर्ट्झवर टाकायचा, ते ६० वर राहिलेलं कित्येकांच्या लक्षातच येत नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. भावाला मध्ये मोठं कार्ड घ्यायचं होतं, आरएक्स ६७०० एक्सटी, सेकंडहँड चांगलं मिळत होतं. ते २३० वॉट खातं आणि बहुतेक मॉडेलना ८ आणि ६ पिनच्या दोन केबल लागतात, तर ६६०० चं काम १३२ वॉटमध्ये एकाच ८ पिनवर भागतं. त्याच्या पॉवर सप्लायमधून कार्डासाठी केबलच एक निघते. बरं, पॉवर सप्लाय बदलू म्हटलं तर बोर्डवरचा कनेक्टर त्या कंपनीचा स्वतःचा, नेहमीचा २४ पिनवाला बसतच नाही. मग बोर्ड बदला. बोर्ड बदलला तर कॅबिनेटच्या पॉवर बटणाची वायर वेगळ्याच प्लगची, स्क्रूची भोकंही जुळत नाहीत, आणि सोबत आलेलं विंडोजचं लायसन्स बोर्डाला बांधलेलं, ते पण गेलं. एका कार्डापायी अख्खा पीसी! शेवटी कार्डाचा विचार सोडला त्याने. सगळेच रेडीमेड असे नसतात, बाजारातलेच सुटे पार्ट लावून देणारे पण आहेत, त्यामुळे घेण्याआधी बोर्ड आणि पॉवर सप्लायचं नेमकं मॉडेल विचारा, आणि समोरचा नुसतं "५०० वॉट आहे" म्हणून विषय बदलत असेल तर काय ते समजून घ्या.

पण वॉरंटीत तो जिंकला, हे मान्य करावं लागेल. त्याच्या कॅबिनेटचा पंखा खडखडायला लागला, एक फोन केला, बदलून मिळाला, विषय संपला. माझा पीसी मध्येच खेळता खेळता आपोआप रीस्टार्ट व्हायला लागला तेव्हा कुठला पार्ट बिघडलाय हे शोधणारा मीच, आधी वाटलं पॉवर सप्लाय, मग ड्रायव्हर, मग मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासायची चाचणी, रात्रभर लावून ठेवली, एकेक स्टिक काढून बघितली तेव्हा कुठे एक रॅम खराब निघाली. ती वॉरंटीत गेली आणि परत येईपर्यंत ८ जीबीवर दिवस काढले, ब्राउझर उघडा ठेवून गेम लावायची सोय नाही. प्रत्येक पार्टची वॉरंटी वेगळी, बिल वेगळं, मुदत वेगळी, सगळ्या बिलांचे फोटो काढून ठेवा राव. ज्याला ही शोधाशोध नकोच आहे त्याने खुशाल रेडीमेड घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही.

स्वतः जोडलेला कायम स्वस्तच पडतो हेही खरं नाही. २०२१ मध्ये क्रिप्टो मायनिंग आणि चिपच्या तुटवड्यात सुटं कार्ड मिळायचंच नाही, रेडीमेडमध्ये मात्र तेच कार्ड बरेचदा बऱ्या भावात यायचं. २०२५ च्या शेवटी एआय डेटा सेंटरच्या मागणीने रॅम महागली तेव्हाही जुन्या स्टॉकमधले रेडीमेड काही वेळा सुट्या पार्टपेक्षा परवडायचे. म्हणून त्या आठवड्याचे भाव मांडून बेरीज करायची, दुसरा उपाय नाही.

माझी १ टीबीची एसएसडी आता भरत आलीय. माझ्या बी५५० बोर्डवर एसएसडीचा दुसरा एम.२ स्लॉट रिकामा आहे, तो थेट प्रोसेसरऐवजी बोर्डच्या चिपसेटवरून जेन ३ (पीसीआयई ३) वर चालतो आणि माझ्या बोर्डवर तो वापरला की दोन साटा पोर्ट (हार्ड डिस्क वगैरे लावायचे) बंद पडतात, पण तिथे माझं काही लावलेलंच नाही, आणि गेम लोड व्हायला जेन ३ आणि ४ मध्ये फारसा फरक नसतो, त्यामुळे स्वस्तातली जेन ३ घेऊन टाकणार.