मंदावलेला संगणक: नवी हार्ड डिस्क की एसएसडी?

सदाशिव पेठेत करसल्लागाराचे कार्यालय चालवणारे एक स्नेही, रखडणाऱ्या संगणकात नवी हार्ड डिस्क बसवावी की एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपमध्ये माहिती साठवणारे साधन), या पेचात आहेत.

हार्ड डिस्क जुनी झाली म्हणून सावकाश फिरत नाही. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी तबकडी अखेरपर्यंत तितकेच फेरे घेते. मात्र फायलींचे तुकडे विखुरल्याने वाचणाऱ्या हेडला सारखे हेलपाटे पडतात, डिस्क भरत गेली की नवी माहिती मंद अशा आतल्या कड्यांवर जाते, आणि खराब होऊ लागलेला एखादा सेक्टर, म्हणजे तबकडीवरचा माहितीचा छोटा कप्पा, पुन्हा पुन्हा वाचण्यात काही सेकंदही जातात. ताळेबंद उघडताना टकटक ऐकू येत असेल, तर आधी बॅकअप घ्यावा; वेगाची चिंता नंतर.

एसएसडीत फिरणारे काहीच नसल्याने विखुरलेपण फारसे जाणवत नाही. तिच्यात जुन्या माहितीवर थेट लिहिता येत नाही, आधी अख्खा ब्लॉक (माहितीच्या अनेक कप्प्यांचा गट) पुसावा लागतो. म्हणून ती काठोकाठ भरली की लिहिण्याचा वेग घसरतो. थोडी जागा रिकामी ठेवल्यास हे बरेच टळते.

टेराबाइटमागे हार्ड डिस्कच स्वस्त पडते. एसएसडीच्या लेखनाला मर्यादा असली, तरी कार्यालयीन कामात ती सहसा गाठली जात नाही. वर्षानुवर्षे विजेविना कपाटात ठेवायला मात्र एसएसडी योग्य नव्हे.

त्यामुळे रोजच्या टॅलीसाठी आणि विवरणपत्रांसाठी एसएसडी घ्यावी, तर मागील वर्षांच्या हिशेबांच्या प्रतींसाठी हार्ड डिस्क.