आयसोट्रेटिनोइन 8 महिने घेतल्यावर: पिंपल्स गेले, पण नखुरडं आणि केसतुडं झाली

आयसोट्रेटिनोइन म्हणजे पिंपल्सवरची गोळी. माझी 20 एमजीची, रोज रात्री जेवल्यावर एक, कारण जेवणात तूप-तेल असलं की ती नीट अंगी लागते. पिंपल्सचं विचाराल तर खरंच गुण आला, जबड्यावरच्या कॉलेजपासूनच्या गाठी चौथ्या महिन्यात बसल्या. ओठ फुटतात हे सगळ्यांना माहितीये, ते सोडा. तिसऱ्या महिन्यात जे सुरू झालं ते मला कोणी सांगितलं नव्हतं म्हणून लिहितेय.

आधी नाक. आतून इतकं कोरडं की रोज सकाळी खपली, आणि ती मी नखाने काढायचे. मग उजव्या अंगठ्याला नखुरडं झालं, कड लाल, टम्म फुगलेली, रात्रभर ठणका, कणीक मळता येईना. आईने लिंबाला भोक पाडून अंगठ्यात घातलं, जरा गार वाटलं, पू तसाच. आठवड्याभरात मांडीवर आणि मानेवर केसतुडं, मला वाटलं पिंपल्सच परत आले.

मी मेडिकलमधून डॉक्सीसायक्लिन (अँटिबायोटिक) आणायला निघालेच होते, पूर्वी घेतलेली ना, पण त्याआधी स्किनच्या डॉक्टरांना फोटो पाठवला. त्या म्हणाल्या, "अगं थांब, ती या गोळीबरोबर अजिबात नाही घ्यायची, दोन्ही मिळून डोक्यातला दाब वाढू शकतो, नजरेवर येतं." पू तपासायला दिला, स्टॅफ ऑरियस निघाला. हा जंतू बऱ्याच जणांच्या नाकात काही त्रास न देता असतो, गोळीने त्वचेचं तेल कमी होतं, नाक आणि कातडी फुटते, मग त्याला आत शिरायला वाट मिळते, आणि खपली काढणारं बोट त्याला अंगभर नेतं. माझं तेच झालं होतं.

पू त्यांनी क्लिनिकमध्येच काढला, पोटातून सेफॅलेक्सिन हे अँटिबायोटिक दिलं, नाकात लावायला म्युपिरोसिन मलम 5 दिवस. मुरमांची गोळी बंद करावी लागली नाही.

तुमची चालू असेल तर नाकात रात्री व्हॅसलीन लावा, नखाच्या कडेची कातडी ओढू नका, पेडिक्युअर-वॅक्सिंग नकोच. आणि मुलींनो, प्रेग्नन्सी टेस्ट टाळू नका, गोळी चालू असताना आणि नंतर महिनाभर दिवस राहता कामा नयेत, बाळाला गंभीर व्यंग होऊ शकतं.

8 महिन्यांचा कोर्स संपून गोळी बंद झाली त्याला दीड महिना झाला, नवीन केसतूड नाही, अंगठ्याच्या नखावर एक आडवी रेघ आहे ती हळूहळू पुढे सरकतेय.