पार्किंगवर सोलर कॅनोपी की छतावर पॅनेल?

कार्यालय, दुकानांचं संकुल किंवा कारखाना चालवणाऱ्याने सौरऊर्जेचा विषय काढला की टेबलावर दोन कोटेशन येतात. एक इमारतीच्या छतावरचं, दुसरं पार्किंगवर उभ्या करायच्या, पॅनेलचंच छप्पर असलेल्या शेडचं, म्हणजे सोलर कॅनोपीचं. किलोवॉट सारखे, पॅनेल बहुधा एकाच जातीचे, आणि तरी दुसऱ्या कोटेशनचा आकडा पहिल्याच्या दीडपट, कधी दुप्पट. "वीज तीच, मग जास्तीचे पैसे कशाचे?" हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की उत्तर तोंडपाठ आहे: लोखंडाचे आणि पायाचे. अशा शेडचे आराखडे करणं हेच माझं काम, तेव्हा माझा कल कॅनोपीकडे असणार असं कुणालाही वाटेल. पण छत धड आणि मोकळं असेल तर आधी छत भरा, असंच मी सांगतो.

छताची बाजू

छतावर खांब आणि पाया उभारायचा खर्च जवळजवळ नसतो, कारण इमारत आधीच उभी आहे. केबल आखूड, मीटरची खोली खालीच, आणि गाडी मागे घेताना कुणी पॅनेलला धडकत नाही. पत्र्याच्या छतावर तर उभ्या शिवणीला, म्हणजे दोन पत्रे जोडणाऱ्या उंच कडेला, क्लॅम्प लावून भोक न पाडताही काम होतं.

मग अडतं कुठे? पहिली अडचण वयाची. पॅनेलची वॉरंटी साधारण २५ वर्षांची असते. छताचं वॉटरप्रूफिंग पुढच्या सात-आठ वर्षांत काढावं लागणार असेल, तर सगळी मांडणी उतरवून परत चढवावी लागेल, आणि तो खर्च कोटेशनमध्ये कुणी लिहीत नाही. दुसरी अडचण वजनाची. काच-काच प्रकारचं, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे काच असलेलं पॅनेल चौरस मीटरला १२ किलोच्या आसपास भरतं; सपाट छतावर ते वाऱ्याने उडू नये म्हणून वर काँक्रीटचे ठोकळे ठेवावे लागतात ते वेगळे. तिसरी अडचण जागेची. सपाट छतावर ओळींची सावली एकमेकींवर पडू नये म्हणून मध्ये अंतर सोडायचं, चालायला वाट ठेवायची, टाक्या आणि एसीची यंत्रं टाळायची. असं करत एका किलोवॉटला ८ ते १० चौरस मीटर जातात. कॅनोपीवर पॅनेल सलग बसतात, तिथे ५ चौरस मीटरमध्ये काम भागतं.

गाडीची एक जागा अडीच मीटर बाय पाच, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. तिच्यावर साधारण अडीच किलोवॉट बसतात. शंभर गाड्या, अडीचशे किलोवॉट. ढगाळ प्रदेशात एक किलोवॉट वर्षाला ९०० ते १,००० युनिट देतो, भरपूर उन्हाच्या प्रदेशात १,४०० ते १,५००. विजेवरची मोटार शंभर किलोमीटरला १५ ते १८ युनिट खाते. म्हणजे डोक्यावरच्या पॅनेलमधून तिचं वर्षभराचं रोजचं धावणं सहज निघतं. हा हिशेब ऐकायला गोड आहे. तो फसवा कुठे ठरतो ते चार्जरपाशी सांगतो.

लोखंड जातं कुठे

लोकांना वाटतं, खांब पॅनेलचं वजन पेलायला असतात. वजन पेलणं सोपं आहे. खांब आणि पाया खरे राबतात ते शेड जमिनीला धरून ठेवायला. चारही बाजूंनी उघडी शेड म्हणजे पंख. सेकंदाला ४० मीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला जवळपास १०० किलो होतो, आणि पॅनेल व लोखंड मिळून शेडचं स्वतःचं वजन ४० किलोच्या आसपास. दोन ओळींच्या मधल्या एका खांबाच्या वाट्याला ५० चौरस मीटर आले, तर वारा पाच टनांच्या हिशेबाने वर ओढतो आणि शेडचं वजन दोन टनांनीच खाली दाबतं. उरलेला भार पायाने घ्यायचा. नेमका आकडा उतार, आकार आणि जागेप्रमाणे बदलतो, पण कोटेशन का फुगतं ते यातून कळतं.

याच कारणासाठी जुन्या पत्र्याच्या शेडवर पॅनेल टाकायचा मोह टाळा. ती शेड हलक्या पत्र्यासाठी बांधलेली असते. वर दुप्पट-तिप्पट वजन चढवून "बघू, टिकते का" म्हणणं परवडणारं नाही. खाली गाड्या असतात आणि माणसंही. स्ट्रक्चरल इंजिनिअरने मोजमाप करून लेखी होकार दिला तरच पुढे जा.

सावली फुकट नाही

कॅनोपी विकणारा सावलीला "वरचा फायदा" म्हणतो. मी तिचा हिशेब सरळ करतो. स्वतःला विचारा: सौर पॅनेल नसते तरी मी इथे गाड्यांसाठी शेड बांधली असती का? उत्तर हो असेल, तर त्या साध्या शेडचा खर्च कॅनोपीच्या आकड्यातून वजा करा आणि मग छताशी तुलना करा. पुष्कळदा दोन्ही कोटेशन एकदम जवळ येतात. उत्तर नाही असेल, तर सावलीला हिशेबात शून्य धरा. ग्राहक खूश होतील, कर्मचाऱ्यांच्या गाड्या तापणार नाहीत, हे सगळं खरं. पण त्यातून हप्ता फिटत नाही.

काही ठिकाणी हा प्रश्न कायद्यानेच निकालात काढलाय. फ्रान्सने २०२३ मध्ये १,५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या उघड्या पार्किंगच्या निम्म्या भागावर सौर छत्र बंधनकारक केलं, काही सवलती ठेवून. जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये २०२२ पासून मोठ्या नव्या पार्किंगला असाच नियम आहे. तिथे कॅनोपी करायचीच. फक्त कशी, एवढं ठरवायचं उरतं.

एक खांब की दोन

खरा घोळ इथे असतो, आणि कोटेशन वाचताना लोक नेमकं हेच पान उलटतात.

दोन पायांची चौकट लोखंडात स्वस्त पडते आणि तिचा पायाही लहान असतो. पण पुढचा खांब गाडीच्या तोंडाशी, वळायच्या वाटेवर येतो. दारं उघडताना तो आडवा येतो, मागे घेताना दिसत नाही. टी आकाराची, मध्ये एकच खांब असलेली शेड समोरासमोरच्या दोन ओळींवर पसरते आणि खांबांची रांग दोन बंपरांच्या मधल्या पट्टीत जाते, जिथे तशीही गाडी उभी राहत नाही. लोखंड जास्त, पाया मोठा, पण पार्किंगची एकही जागा जात नाही. कुंपणालगतच्या एकेरी ओळीला एकाच बाजूला झुकणारा खांब लावतात. तिघांत तो सर्वांत महाग, कारण सगळा झोक एकाच बाजूला. बजेट ताणलेलं असेल तर कुंपणाची ओळ सोडून द्या, मधल्या दुहेरी ओळी घ्या. सगळं पार्किंग झाकलंच पाहिजे असं कुणी सांगितलंय?

खांबांमधलं अंतर गाडीच्या रुंदीच्या पटीत हवं, पाच मीटर किंवा साडेसात. सहा मीटरचं अंतर लोखंडाच्या हिशेबात बरं दिसतं आणि तिसरा खांब बरोबर कुणाच्या तरी दारासमोर येतो. खांबाभोवती कमरेएवढा काँक्रीटचा कट्टा हवाच. मी पाहिलेल्या एका शेडला तो पैसे वाचवायला वगळला होता. वर्षभरात सहा खांबांवर गुडघ्याच्या उंचीला पोचे आले, जस्ताचा थर खरवडला गेला आणि त्या जागी तांबूस ओघळ उतरले.

उंची हा आणखी एक वाद. मोटारींना खालच्या कडेला अडीच मीटर पुरतात. मालवाहू व्हॅन येत असतील तर तीन धरा. अग्निशमनच्या गाडीची वाट मात्र झाकूच नका, नाहीतर तिथे साडेचार मीटर द्यावे लागतात. प्रत्येक जादा अर्धा मीटर वाऱ्याचा झोक वाढवतो आणि सावली दुपारनंतर गाडीवरून सरकवतो. "असू द्या जरा उंच" हे वाक्य फार महागात जातं.

पागोळ्या

पॅनेलच्या मध्ये फटी ठेवलेली शेड स्वस्त. पाऊस झाला की त्या फटींमधून सलग पागोळ्या गळतात, आणि त्या नेमक्या ड्रायव्हरच्या दाराच्या रेषेत पडल्या की रोज शिव्या खायच्या. रबरी पट्ट्या आणि पन्हळी लावून पाणी एका बाजूला नेणारी शेड महाग, पण ग्राहक येत असतील तर मी तीच घ्यायला सांगतो. फक्त कर्मचाऱ्यांच्या गाड्या असतील तर फटीवाली चालते.

उतार पाच अंशांखाली नेऊ नका. त्याहून सपाट ठेवलं की पावसाचं पाणी पॅनेलच्या खालच्या चौकटीशी थबकतं, वाळतं आणि तिथे बोटभर रुंदीची मातीची पट्टी धरते. ती पट्टी तळाच्या सेलवर सावली पाडते, आणि एका ओळीतले सेल झाकले गेले की नुकसान पट्टीच्या रुंदीपेक्षा बरंच मोठं होतं. छतावर हीच पट्टी कुणाला दिसत नाही. कॅनोपीवर शिडी लावून धुता तरी येते, पण खालच्या गाड्या हलवूनच.

मागूनही वीज करणारे दुहेरी पॅनेल घ्या म्हणतात. खाली काळं डांबर आणि गडद गाड्या असतील तर मागून मिळणारं फारसं नसतं. काच-काच बांधणीसाठी घ्या. सेलच्या मधून झिरपणारा उजेड खाली छान वाटतो, तेवढंच.

चार्जरचा गैरसमज

एका गाडीवरचे पॅनेल ऐन दुपारी फार तर अडीच किलोवॉट देतात. साधा चार्जर सात किलोवॉट ओढतो, तीन फेजचा बावीस. म्हणजे "वरच्या उन्हावर खालची गाडी" हे वर्षाच्या बेरजेत खरं, क्षणाच्या हिशेबात नाही. बाकीची वीज इतर पॅनेलमधून किंवा ग्रिडमधून येणार, आणि त्यासाठी मंजूर भार वाढवावा लागू शकतो. आज चार्जर नको असले तरी पाया खोदतानाच केबलसाठी रिकामे पाइप पुरून ठेवा. डांबर पुन्हा फोडण्याचा खर्च पाइपाच्या कितीतरी पट असतो. छताच्या पर्यायात ही सोय आपोआप येत नाही, आणि कॅनोपीच्या बाजूने मी मनापासून मांडतो असा हा एक मुद्दा.

बाकी विजेचं गणित दोन्हीकडे एकच. दिवसा सातही दिवस भार असलेली जागा, म्हणजे शीतगृह, दुकानं, रुग्णालय, वीज स्वतःच जिरवते. पाच दिवसांचं कार्यालय दोन दिवसांची वीज ग्रिडला देतं, आणि त्याला काय भाव मिळतो यावर परतफेडीची वर्षं ठरतात.

पैसे कुणाचे

स्वतःचे पैसे घातले तर सगळी बचत आपली, देखभालही आपली. दुसऱ्या कंपनीने गुंतवणूक करून वीज विकायची ठरली, तर करार १५ ते २५ वर्षांचा असतो. जागाच भाड्याची असेल आणि भाडेकरारात आठ वर्षं उरली असतील, तर कॅनोपीचा विषय आधी जागामालकाशी काढा. छतावरचे पॅनेल उतरवून नेता येतात. जमिनीत गाडलेला पाया कोण नेणार?

आणि पाया खोदण्याआधी जमिनीखालचे नळ, गटारं, केबल यांचा शोध घ्या. काम टप्प्याटप्प्याने करा, कारण काँक्रीटची पूर्ण ताकद २८ दिवसांनी धरतात आणि तोवर ती ओळ बंद राहिली तर गाड्या रस्त्यावर येतात.

शेवटी सही करायच्या आधी एक काम करा. आराखड्यात जिथे खांब दाखवलेत तिथे जमिनीवर खडूने चौकोन आखा, त्यावर रबरी शंकू ठेवा आणि आठवडाभर लोकांना नेहमीसारख्या गाड्या लावू द्या. एका कामात तिसऱ्या दिवशीच दोन शंकू आडवे झाले होते. ते दोन खांब आम्ही कागदावर अर्धा मीटर मागे घेतले.