आधी काय राखायचं: शहराच्या कडेचा मोठा नैसर्गिक भाग, की ओढ्याकाठचा लांब पट्टा?

छोट्या शहराचा आराखडा होत असताना मोकळ्या जागांसाठी पैसा मोजकाच असतो. शहराच्या कडेची मोठी सलग जमीन घ्यायची, की वस्तीतून वाहणाऱ्या ओढ्याचे काठ राखून त्यातून पायवाट काढायची? नकाशावर दोन्ही हिरव्याच दिसतात, पण त्यांची कामं अगदी वेगळी आहेत.

दोन्हीकडे जमीन 100 हेक्टर धरू. एक तुकडा 1 किलोमीटर लांबी-रुंदीचा चौरस, दुसरा 10 किलोमीटर लांब आणि 100 मीटर रुंद. बाहेरचे दिवे, गोंगाट, कुत्री-मांजरं आणि तण यांचा उपद्रव कडेपासून 50 मीटर आत पोहोचतो असं मानलं, तर चौरसात 81 हेक्टरचा शांत गाभा उरतो. पट्ट्यात काहीच उरत नाही. जमिनीवर घरटी करणारे पक्षी आणि माणसाला बुजणारे प्राणी अशा पट्ट्यातून ये-जा करतील, पण तिथे वस्ती करणं त्यांना अवघडच.

माणसांचा हिशोब बरोबर उलटा येतो. घरापासून 300 मीटरच्या आत किमान अर्धा हेक्टर हिरवी जागा असावी, असं जागतिक आरोग्य संघटनेचं युरोप कार्यालय सुचवतं. त्या चौरसाभोवती 300 मीटरच्या टप्प्यात जेमतेम दीडशे हेक्टर परिसर येतो, आणि तुकडा शहराच्या वेशीवर असल्याने त्यातल्याही बऱ्याच भागात घरं नसतात. पट्ट्याच्या टप्प्यात 600 हेक्टरहून जास्त येतात. शाळेत चालत जाणारी मुलं आणि संध्याकाळी फिरणारी वयस्कर माणसं यांना रोज उपयोगी पडेल तो पट्टाच. शिवाय पुराचं पाणी पसरायला तिथे जागा मिळते. बॉस्टनमधल्या प्रसिद्ध उद्यानमालिकेतला बॅक बे फेन्सचा भाग उद्यानरचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी 1878 पासून आखला, तो मुळात सांडपाणी आणि पूर यांच्यावरचा उपाय म्हणूनच.

देखभालीत चौरस स्वस्त पडतो, कारण त्याची कड 4 किलोमीटर आणि पट्ट्याची 20. जितकी कड जास्त, तितकं अतिक्रमण आणि राडारोडा टाकायला वाव जास्त. पट्ट्यात जमीनमालकही अनेक, आणि मधला एक जण अडून बसला की वाट तुटते.

तरीही माझा कौल एका गोष्टीवर ठरतो: उशीर झाला तर काय हातचं जाईल? कडेची सलग जमीन एकदा प्लॉट पडून विकली गेली की परत जोडता येत नाही. अमेरिकेतल्या बोल्डर शहरातल्या मतदारांनी 1967 मध्येच मोकळ्या जमिनी विकत घेण्यासाठी स्वतःवर विक्रीकर लावून घेतला, तो घाईचा निर्णय होता असं मला मुळीच वाटत नाही. पूररेषेच्या आतल्या जागेवर मात्र बांधकामाला मनाई करता येते आणि वाट हळूहळू, तुकड्या-तुकड्यांनी जोडता येते. म्हणून कडेची जमीन अजून खरंच नैसर्गिक असेल, तर पैसा आधी तिथे घाला, पहिली काही वर्षं आत एकही वाट नसली तरी चालेल. ती आधीच नांगरलेली, खणलेली असेल किंवा शहरात दरवर्षी पाणी शिरत असेल, तर पट्टा आधी.

वाटांचं थोडक्यात. ओढ्याकाठी 3 मीटर रुंद, पक्की आणि 5 टक्क्यांहून कमी चढाची वाट हवी, म्हणजे चाकाची खुर्ची आणि बाबागाडीही जाईल. ती एकाच काठाने न्या, दुसरा काठ झाडाझुडपांना सोडा. मोठ्या भागात मातीची वाट पुरे. ती कडेकडेने जावी आणि तिचा चढ डोंगरउताराच्या निम्म्याहून जास्त नसावा, नाहीतर पावसाचं पाणी वाटेवरूनच धावतं आणि माती घेऊन जातं.

आणखी एक काम आत्ताच करा. आराखड्यातला नवा रस्ता ओढा ओलांडत असेल, तर पुलाखाली माणूस ताठ उभा राहून जाईल एवढ्या उंचीची कोरडी वाट संकल्पचित्रातच मागून घ्या. पूल झाल्यावर ती काढायची म्हणजे पुन्हा नवा खर्च, आणि तोवर अलीकडचे-पलीकडचे तुकडे वेगळेच राहतात.